क्रोन्स आणि स्टिरॉइडचे दहा आठवडे

चिठ्ठीवर एकच ओळ होती. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, दोन आठवडे, मग दर आठवड्याला ५ ने कमी. डॉक्टरांना ती लिहायला दहा सेकंदही लागले नसतील. ती पार पाडायला मला दहा आठवडे लागले, ११ मार्च ते १९ मे २०२४. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, आणि क्रोन्स हा माझा आतड्याचा आजार. त्या दिवसांत रात्री-अपरात्री मोबाइल हातात घेऊन मराठीत कुणी आपला अनुभव लिहिलाय का ते शोधत बसायचे. सापडायचं ते एक तर घाबरवून सोडणारं, नाहीतर 'स्टिरॉइडशिवाय मुळापासून बरं करतो' म्हणणारं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. खाली दिलेला डोस माझा आहे. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार.

सुरुवात २०२३ च्या जूनमध्ये झाली. शाळा उघडली आणि पोटात उजवीकडे खाली कळ यायला लागली. जेवलं की अर्ध्या तासात मुरडा. आधी आमांश म्हणून औषधं झाली, मग पित्त, मग 'टेन्शन घेऊ नका'. दिवाळीपर्यंत वजन ५४ वरून ४५ वर आलं, हिमोग्लोबिन ८.४. दिवसाला सात-आठ वेळा संडासला जावं लागायचं आणि आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी एकच संडास, तोही मैदानाच्या पलीकडे. मी सकाळी काही न खाता शाळेत जायला लागले. हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

१२ डिसेंबरला कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून आतड्याची तपासणी, झाली. बायोप्सीसकट, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासण्यासकट, साडेआठ हजार. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला आणि मोठं आतडं सुरू होतं तिथे व्रण दिसले. बायोप्सीत गाठीसारख्या पेशींचे पुंजके होते, टीबीची जनुकीय तपासणी मात्र निगेटिव्ह. आपल्याकडे इथे बरेच पेशंट अडकतात. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही आजार नेमके त्याच जागी बसतात आणि दुर्बिणीतून, कधी कधी बायोप्सीतही, सारखेच दिसतात. उपचार मात्र उलट्या दिशेचे. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उठलेली असते, म्हणून ती दाबावी लागते. टीबी असताना ती दाबली तर टीबी पसरतो. म्हणून शंका असेल तर आधी टीबीचा कोर्स सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते बघतात. तेव्हा मला वाटलं होतं, हे लोक अंदाजाने औषध देताहेत. नंतर पटलं की स्टिरॉइडच्या आधीची ती काळजी होती.

१८ डिसेंबरला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. टीबी हा शासनाला कळवावा लागणारा आजार आहे, त्यामुळे खासगी दवाखान्यातूनही शासनाच्या टीबी रुग्णांच्या निक्षय पोर्टलवर नाव जातं. आठवड्याभरात आरोग्य विभागातून फोन आला, घरी आशाताई येऊन गेल्या, पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये जमा करायला बँक खात्याचा नंबर घेतला. (ही रक्कम पुढे, नोव्हेंबर २०२४ पासून, १००० झाली.) आशाताई आल्यावर शेजारच्या दोन बायकांनी आमच्याकडे येणं बंद केलं, तेही इथे लिहून ठेवते.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसरी कोलोनोस्कोपी झाली. व्रण होते तसेच. वजन ४४.

मग पुणे. नवरा म्हणाला गाडी करून जाऊ, पण मला रस्त्यावरच्या प्रवासाची धास्ती होती. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरीही आम्ही सांगलीहून कोयना एक्सप्रेस धरली. कारण एकच, रेल्वेत संडास असतो. हा आजार असलेल्या कुणाला मी पहिल्यांदा हेच सांगते, स्वस्त काय ते नंतर बघा, सोय काय ते आधी बघा. पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी दोन्ही बायोप्सीच्या काचा मागवून पुन्हा वाचायला दिल्या, आतड्याचा विशेष सीटी स्कॅन केला (९२००), शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी केली (२४००). आतड्याला सूज किती आहे हे त्यातून कळतं. पन्नासच्या आत असावी, माझी ११२० होती. सीटीत दोन ठिकाणी आतडं सुजलेलं आणि मधला भाग चांगला. असं तुकड्यातुकड्याने पसरणं ही क्रोन्सची खूण. पहिल्यांदाच कुणीतरी आजाराचं नाव ठामपणे घेतलं. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये याचं वर्णन लिहिलं, म्हणून हे नाव. टीबीचा कोर्स डॉक्टरांनी थांबवला आणि तसं पत्र दिलं. ते पत्र मी आरोग्य केंद्रात नेऊन निक्षयवरची माझी नोंद बंद करून घेतली. हे आठवणीने करा, नाहीतर औषध सोडून दिलेला रुग्ण म्हणून फोन येत राहतात.

आणि मग ती ओळ.

'स्टिरॉइड' म्हटल्यावर माझा चेहरा उतरला असणार, कारण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ताई, घरात आग लागली तर आधी पाणी मारतो ना? हे पाणी आहे. पाणी रोज मारत बसायचं नसतं. घर सांभाळायचं काम दुसऱ्या गोळीचं." दुसरी गोळी म्हणजे अझाथायोप्रिन. ती लागू पडायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर सूज आटोक्यात ठेवायची ती स्टिरॉइडने. स्टिरॉइडमुळे क्रोन्स कायमचा थोपत नाही, वर्षानुवर्षं घेत राहिलं तर हाडं, डोळे, साखर सगळ्यावर परिणाम होतो. हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून मला विश्वास वाटला. मी ब्युडेसोनाइड या दुसऱ्या स्टिरॉइडबद्दल विचारलं, कारण त्याचा त्रास कमी असतो असं वाचलं होतं. ते मुख्यतः आतड्यातच काम करतं, सौम्य आजारात चांगलं चालतं, पण माझं वजन आणि रक्त बघता त्यावर भागणार नाही, असं ते म्हणाले.

सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, साखर, रक्तदाब, काविळीच्या बी आणि सी प्रकारची आणि एचआयव्हीची तपासणी, न्यूमोनियाची लस. अझाथायोप्रिन सोसेल का हे बघायला एक जनुकीय तपासणी, साडेचार हजार रुपये आणि आठ दिवस थांबणं. भारतीयांमध्ये काहींना या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात, म्हणून ही आधी करून घेतलेली बरी. टीबीची शेवटची गोळी कुठल्या तारखेला घेतली तेही त्यांनी नीट विचारून लिहून ठेवलं. त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे शरीर स्टिरॉइड लवकर संपवतं आणि हा परिणाम गोळी बंद केल्यावरही काही दिवस राहतो. हे तुमच्याही बाबतीत असेल तर विचारलं नाही तरी सांगा.

तपासण्यांवर तोवर तीसेक हजार गेले होते. स्टिरॉइडच्या गोळ्या सगळ्या दहा आठवड्यांच्या मिळून तीनशेच्या आसपास आल्या. मेडिकलवाल्याने पट्ट्या पिशवीत घालताना माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "स्टिरॉइड आहे, माहितीय ना?"

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. लाल पेनाने प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवसाचा आकडा लिहिला. ११ मार्चपासून चाळीस, २५ मार्चपासून पस्तीस, १ एप्रिलला तीस, असं करत १३ मे च्या चौकोनात शून्य. धुळवडीच्या चौकोनात पस्तीस, पाडव्याच्या चौकोनात पंचवीस. मग ते पान मोबाइलवर पाठवून डॉक्टरांकडून बरोबर असल्याचं वदवून घेतलं. दहाच्या गोळ्या आणि पाचच्या गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवल्या, कारण पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या असतात. रोज सकाळी आठला पोटभर नाश्ता आणि त्यावर चार गोळ्या एकदम. सकाळीच, कारण शरीर स्वतःचं स्टिरॉइड सकाळी जास्त तयार करतं, आणि संध्याकाळी घेतली तर झोपेचं मातेरं होतं. बरोबर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. गोळी जिभेवर कडू जहर लागते, म्हणून मी ताकाच्या घोटाबरोबर घ्यायचे.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, पोट दुखलं नाही.

दुपारी वरण-भात जेवले आणि सवयीने पोटावर हात ठेवून कळ यायची वाट बघत बसले. अर्धा तास झाला, एक तास झाला. सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "काय गं, दुखतंय का?" मला बोलता येईना. नऊ महिन्यांत जेवणानंतर मी अशी नुसती बसलेच नव्हते. आठवड्याभरात संडासच्या फेऱ्या सातवरून दोनवर आल्या.

रजेबद्दल. ११ ते ३० मार्च वीस दिवस परिवर्तित रजा घेतली. तिच्या दुप्पट दिवस अर्धवेतनी खात्यातून जातात, म्हणजे माझे चाळीस गेले. अर्जाला वैद्यकीय दाखला जोडायचा आणि हजर होताना फिटनेसचा दाखला. दोन्हींवर आजाराचं नाव सारखंच लिहिलंय का ते तिथल्या तिथे तपासून घ्या. माझ्या एका दाखल्यावर 'आतड्याचा दाह' आणि दुसऱ्यावर 'क्रोन्स' होतं, त्यावरून कागद एकदा परत आला. वैद्यकीय बिलांचा प्रस्तावही परत आला. सगळ्या तपासण्या दवाखान्यात भरती न होता झालेल्या, म्हणून त्रुटी. त्याचं पुढे काही झालं नाही.

आता त्रास. ते सगळं एकदम येत नाही आणि सगळ्यांना सगळं होत नाही. मला पहिल्यांदा गेली ती झोप. रात्री अडीचला डोळे टक्क उघडे, अंगात अशी धाव की उठून फडताळ लावायला घ्यावं. दुसरी भूक. ती भूक पोटातून येत नाही, डोक्यातून येते. रात्री अकराला दोन भाकऱ्या खाऊन पुन्हा डबा उघडायचे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, तेव्हा लोणचं-पापड बंद केलं आणि हाताशी उकडलेली अंडी, दही, केळी ठेवली. सासऱ्यांच्या साखर तपासायच्या मशीनवर नवव्या दिवशी दुपारी जेवणानंतर २१२ आली. सकाळची उपाशीपोटीची ९४ होती. स्टिरॉइड सकाळी घेतलं की साखर दुपारनंतर चढते, त्यामुळे नुसती उपाशीपोटी तपासून 'नॉर्मल आहे' म्हणू नका. माझी गोड आणि भात कमी करून, डोस उतरला तशी खाली आली.

तिसरा त्रास चिडचिड. ३० मार्चला मुलाने दुधाचा पेला सांडला आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की तो दारामागे जाऊन उभा राहिला. सात वर्षांचा आहे. मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, आईच्या गोळीमुळे आईला राग लवकर येतो, तो राग तुझा नाही. त्यानंतर रोज सकाळी कालनिर्णयावरच्या आकड्यावर फुली मारायचं काम त्याला दिलं. "आज किती?" असं विचारत तो यायचा. घरातल्या माणसांना हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवायला हवं होतं, वीस दिवसांनी नाही.

चेहरा चौथ्या आठवड्यापासून सुजायला लागला. गाल भरले, हनुवटीखाली गोल झालं, कानापाशी बारीक लव आली. शाळेत मुलं म्हणाली, "बाई, तुम्ही वेगळ्या दिसता." पाडव्याला आलेल्या नातेवाइकांनी तोंडभरून सांगितलं, "छान, आता कशी तब्येत धरलीस!" तेव्हा माझं रक्त अजून ९.६ होतं आणि जिना चढताना मांड्या थरथरत होत्या, कारण स्टिरॉइडने मांड्यांचे स्नायू ढिले पडतात. आरशात मी स्वतःला ओळखत नव्हते आणि लोक मला बरी झाली म्हणत होते. त्या रात्री खूप रडले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चेहरा डोस उतरल्यावर काही महिन्यांत पूर्ववत होतो. तसा तो झाला, ऑगस्टपर्यंत. पण एप्रिलमध्ये ते खरं वाटत नाही, हेही मला माहीत आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीला कांजिण्या आल्या. स्टिरॉइडवर असताना कांजिण्या झाल्या तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्याच दुपारी पुण्याला फोन केला. लहानपणी झाल्या होत्या का, एवढंच त्यांनी विचारलं. आईला फोन लावला. ती म्हणाली, "झाल्या होत्या की, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं तुला." तेव्हा जीव भांड्यात पडला. तुमच्या आईला हे आधीच विचारून ठेवा.

त्यातच लोकसभेची निवडणूक आली. आमच्याकडे मतदान ७ मे ला, आणि मतदान केंद्रावरच्या ड्युटीचा आदेश माझ्या नावाने निघालेला. आदल्या दिवशी सकाळी साहित्य घ्यायचं, रात्री केंद्रावर मुक्काम, दुसऱ्या रात्री उशिरापर्यंत काम, संडासची सोय कशी असेल देव जाणे. सूट मागायला तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा नुसत्या अर्जावर ऐकून घेतलं नाही. दुसऱ्यांदा पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र नेलं, तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून आणा म्हणाले. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी दोन्ही कोलोनोस्कोपीचे रिपोर्ट शांतपणे वाचले, पोट दाबून बघितलं आणि शेरा लिहिला. माझ्या भरलेल्या गालांकडे बघून रांगेतलं कुणीतरी म्हणालं होतं, चांगली तर दिसतेय. त्यांनी मान वर करून "स्टिरॉइडची सूज आहे ती" एवढंच सांगितलं. आदेश रद्द झाला. मूळ कागद कुठेही देऊ नका, झेरॉक्सचे पाच संच करून ठेवा. मतदान मात्र मी केलं, खुर्ची मागून रांगेत बसून.

त्याआधी चूक झाली ती माझीच. २९ एप्रिलपासून १० चा आठवडा चालू होता. सुट्टी लागली होती, म्हणून शुक्रवारी ३ मे ला जत तालुक्यात माहेरी गेले, दोन दिवसांसाठी. पिशवीत डबा टाकला तो कॅल्शियमचा. शनिवारी सकाळी लक्षात आलं. गावातल्या दुकानात गोळी नव्हती, मोठ्या गावातला दुकानदार चिठ्ठीशिवाय देईना, आणि त्याचं बरोबरच होतं. मला वाटलं, बरं वाटतंय, दोन दिवसांनी काय होतं? रविवारी दुपारी चुलीपाशी उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मळमळ, गुडघे-खांदे ठणकत होते, अंगात त्राणच नाही. आईला वाटलं ऊन लागलं. नवऱ्याने घरून चिठ्ठीचा फोटो पाठवला, भाऊ मोटारसायकलवर जतला जाऊन पट्टी घेऊन आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, आत्ता लगेच १० घ्या, दोन्ही दिवसांचा डोस एकदम घेऊ नका, आणि १० चा आठवडा आणखी सात दिवस वाढवा. बाहेरून आठवडेच्या आठवडे स्टिरॉइड मिळालं की आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं कमी करतात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून पायरी-पायरीने उतरायचं. हे मी आधी ऐकलेलं होतं, पण चुलीपाशी बसल्यावर कळलं. तेव्हापासून चिठ्ठीचा फोटो माझ्या, नवऱ्याच्या आणि भावाच्या मोबाइलमध्ये आहे आणि पर्समध्ये चार गोळ्यांची जादा पट्टी.

कालनिर्णयावर १३ मे चं शून्य खोडून ५ केलं. शेवटची गोळी १९ मे ला, रविवारी. २० तारखेला सकाळी मुलगा पेन घेऊन आला, "आज किती?" मी चौकोन दाखवला. त्याने रिकाम्या चौकोनावरही फुली मारली.

पुढचे तीनेक आठवडे सांधे दुखायचे, दुपारी गळून जायला व्हायचं. जूनच्या मध्यापर्यंत ते गेलं. डोकेदुखी-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं, पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या क्रोन्समध्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पुढचं वर्षभर कुठलंही ऑपरेशन, दात काढणं, मोठा ताप असेल तर 'मे २०२४ पर्यंत स्टिरॉइड घेतलंय' असं त्या डॉक्टरांना सांगायची ताकीद होती. जूनमध्ये कॅलप्रोटेक्टिन १८० आलं, वजन ५१, त्यात थोडं पाणी असावं. अझाथायोप्रिन चालू आहे. पहिला महिना दर आठवड्याला रक्त तपासायला जावं लागलं, आता तीन महिन्यांनी एकदा. डिसेंबरमध्ये तिसरी कोलोनोस्कोपी झाली, तेव्हा मोठे व्रण भरले होते, आतड्याच्या टोकाशी दोन लहान राहिले होते.

कालनिर्णयाची मार्च, एप्रिल आणि मे ची पानं मी फाडून फाइलमध्ये लावली आहेत. प्रत्येक भेटीला डॉक्टर विचारतात, स्टिरॉइड कधी घेतलं, किती दिवस, किती डोसने? मी फाइल उघडून ती पानं पुढे करते, फुल्यांसकट.